आधी पाणी काढा

बाहेरच्या शॉवरचा नळ आम्ही विसरलो होतो. आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या लहानशा घराच्या, मागच्या अंगाला, चाकाच्या वर, एका पांढऱ्या झाकणाआड तो असतो. समुद्रावरून आलं की पाय धुवायला, कुत्र्याला अंघोळ घालायला. आम्ही समुद्रापासून हजारेक किलोमीटर लांब राहतो आणि आमच्याकडे कुत्रं नाही, त्यामुळे ते झाकण घेतल्यापासून कधी उघडलंच नव्हतं. एप्रिलमध्ये हिवाळा संपल्यावर पंप सुरू केला आणि भिंतीच्या आत पाणी सुटल्याचा आवाज आला. झाकण काढून बघितलं तर प्लॅस्टिकचा नळ उभा चिरलेला. द्राक्षाचा मणी तडकतो ना, अगदी तसा.

द्राक्षाचंच आठवलं, कारण मी निफाडची. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला याची बातमी महाराष्ट्रभर छापून येते, त्या निफाडची. पारा पाचाच्या खाली गेला की आमच्याकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं, आणि अण्णा मफलर गुंडाळून बांधावर उभे असतात. त्यामुळे थंडी मला कळते, असा माझा समज होता. मग लग्नानंतर आम्ही युटात सॉल्ट लेक सिटीजवळ आलो. इथे पाच अंश म्हणजे मुलं हाफ पँटीत शाळेला जातात. नवरा चिपळूणचा. त्याच्या लेखी वीसाच्या खाली सगळाच बर्फ.

ट्रेलर आम्ही जुना घेतला. सोळा फुटी, एक पलंग, एक बाक-टेबल जे रात्री मुलीचा पलंग होतं, दोन शेगड्या, आणि कपाटाएवढं न्हाणीघर. रिकामा 1270 किलो, सामानासकट जास्तीत जास्त 1588. आमची मध्यम आकाराची गाडी ओढेल असा म्हणून हलका घेतला. हलका म्हणजे काय ते पहिल्या हिवाळ्यात कळलं. भिंत दीड इंच जाड, खिडक्यांना एकच काच, आणि पोटाखाली काही नाही. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या, त्यांचे पाइप, व्हॉल्व्ह, सगळं उघड्यावर लोंबतंय. मोठ्या ट्रेलरवर 'फोर सीझन', म्हणजे बारमाही, असा स्टिकर असतो. त्या शब्दाला कुठलं सरकारी मोजमाप नाही. विकणारा म्हणेल ते. आमच्यावर तर तोही नव्हता.

तरी हिवाळ्यात जायचंच होतं. उन्हाळ्यात इथल्या राष्ट्रीय उद्यानांत जागा सहा-सहा महिने आधी धरावी लागते आणि मग शेजारच्या ट्रेलरमधला टीव्ही ऐकत झोपावं लागतं. हिवाळ्यात ब्राइस कॅन्यनच्या नॉर्थ कॅम्पग्राउंडचा एक भाग चालू असतो, जो आधी पोचेल त्याला जागा. विजेची जोडणी नाही. उंची जवळजवळ 2,400 मीटर. म्हणजे महाबळेश्वरच्या डोक्यावर आणखी एक अख्खं माथेरान ठेवून वर थोडं उरतं.

चिरलेला नळ दाखवायला मी शेजारच्या आजोबांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेले, दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरणारे गृहस्थ. मला वाटलं होतं ते आधी हिटर बघतील, भिंती ठोकून बघतील. ते थेट ड्राइव्हवेवर आडवे झाले आणि टॉर्च घेऊन ट्रेलरखाली सरकले. दहा मिनिटं नुसते दोन बूट दिसत होते. बाहेर आले, हात झटकले आणि म्हणाले, "पाणी कुठेकुठे उभं राहतं त्याची यादी कर. थंडीचं नंतर बघू."

यादी केली. पिण्याच्या पाण्याची टाकी. सगळ्यात खालच्या बिंदूला असलेल्या दोन निचऱ्याच्या तोट्या, एक गार पाण्याची, एक गरम. पंप, आणि त्याच्या आधी असलेली गाळणीची वाटी. 23 लिटरचा गिझर. स्वयंपाकाचा नळ, बेसिनचा नळ, शॉवर आणि त्याची लोंबती नळी. संडासाचा व्हॉल्व्ह. मोरीखालचे वाकडे पाइप, ज्यात वास अडवायला पाणी साचूनच राहायचं असतं. आणि शेवटी, वेगळ्या रंगाच्या पेनाने, बाहेरचा शॉवर.

हे सगळं रिकामं करून त्यात गुलाबी अँटिफ्रीझ भरतात. गाडीच्या रेडिएटरमधलं हिरवं नव्हे. ते एथिलीन ग्लायकॉल, विषारी. गुलाबी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, पिण्याच्या पाण्याच्या पाइपांत चालतं. पहिल्या वर्षी आम्ही ते भरलंही होतं, पण दोन चुका करून. एक तो नळ. दुसरी म्हणजे गिझरला वगळून पुढे जायचा व्हॉल्व्ह फिरवला नव्हता. आम्ही ओततोय, ओततोय, चार गॅलन, म्हणजे पंधरा लिटर, संपले तरी नळाला गुलाबी येईना. नवरा म्हणाला, "भोक पडलंय कुठेतरी." भोक नव्हतं. सगळं गिझरच्या पोटात जात होतं. व्हॉल्व्ह बरोबर फिरवला तर अख्ख्या ट्रेलरला दोन गॅलन पुरतात, हे दुसऱ्या वर्षी कळलं.

दुसऱ्या वर्षी मी हे काम एकटीने, शांतपणे केलं. पंपाची शोषणारी नळी गुलाबी पाण्याच्या कॅनमध्ये. सगळ्यात लांबचा नळ आधी. गरमची बाजू उघडायची, नळ खोकतो, हवा थुंकतो, मग पाणी, मग फिकट गुलाबी, मग लिमलेटच्या गोळीसारखा गडद रंग आला की बंद. मग गारची बाजू. प्रत्येक नळाला दोनदा. संडासाचं पेडल दाबायचं. मोऱ्यांच्या भोकांत कपभर वरून ओतायचं. बाहेरच्या शॉवरला मी तीनदा लावलं. तिसऱ्यांदा नुसतं बघायला.

त्या रात्री अण्णांचा फोन होता. त्यांना सांगितलं, तर त्यांना पटेना. "पोरी, पाणी काढून कशाला टाकतेस? चालू ठेव की. आपण पहाटे ठिबक सोडतो ते कशासाठी?" त्यांचं चूक नव्हतं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, ते मुळाशी सोडलं की बागेतला गारठा थोडा हटतो. पण ते पाच अंशांचं गणित. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि उणे पंधरात अर्ध्या इंची पाइपातलं पाणी कितीही चालतं ठेवलं तरी खालच्या टाकीत जाऊन गोठणारच. अण्णा जरा थांबले. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे पाणीच वैरी. अवघड आहे बाई."

तर हिवाळ्यात ट्रेलरच्या नळांना हात लावायचा नाही असं ठरलं. पाणी घरून न्यायचं, वीस लिटरचे तोटीवाले दोन कॅन, ट्रेलरच्या आत. मोरीत प्लॅस्टिकचं टब ठेवायचं, भांड्यांचं पाणी त्यात, भरलं की बादलीत. संडासात पाण्याऐवजी मगभर गुलाबी. अंघोळीचं म्हणाल तर दोन दिवस ओल्या टॉवेलवर भागतं; आपल्याकडे तापात भागवतातच की. याचा एक फायदा वजनात झाला. भरलेल्या टाकीचे साठेक किलो गेले, कॅनचे चाळीसेक आले, आणि आमच्यासारख्या हलक्या ट्रेलरला तीनशे किलोंच्या सामानात उरलेले वीसही पुष्कळ.

आता ऊब. ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारी भट्टी असते, 16,000 बीटीयूची (बीटीयू हे उष्णता मोजायचं इथलं माप). तिचा धूर बाहेरच्या बाजूच्या जाळीतून जातो, आत फक्त गरम हवा येते. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही घरासमोरच, ड्राइव्हवेवर, पहिली चाचणी रात्र काढली. घराची वीज मुद्दाम जोडली नाही, कारण ब्राइसला ती नसणार. मुलगी भलतीच खूश. घरापासून आठ पावलांवर कॅम्पिंग, आणि दात घासायला घरात जायचं नाही अशी तिचीच अट.

पहाटे पावणेचारला मला जाग आली ती शांततेने. भट्टीचा पंखा रात्रभर घरघरत असतो. ते बंद होतं. थर्मामीटरवर सात अंश. थर्मोस्टॅट वर केला, तर पंखा मरगळल्यासारखा फिरला, एक खट्‌ आवाज झाला, आणि पुन्हा काही नाही. गॅस संपला म्हणून नवरा अंधारात बाहेर जाऊन टाकी हलवून आला. टाकी अर्धी भरलेली.

झालं होतं असं. भट्टी जळते गॅसवर, पण तिचा पंखा चालतो बॅटरीवर. पंख्याच्या वाऱ्याने आत एक पत्र्याची जीभ हलते. ती पुरती हलली तरच गॅसला ठिणगी मिळते. बॅटरी उतरली की पंखा मंद, पंखा मंद की जीभ अर्धवट, आणि मग कितीही गॅस असला तरी भट्टी पेटत नाही. रचना सुरक्षिततेसाठीच आहे, पण पहाटे पावणेचारला तिचं कौतुक वाटत नाही. पंखा साधारण चार अँपिअर खातो. तेरा-चौदा तासांच्या रात्री निम्मा वेळ चालला तरी 28 अँपिअर-तास, वर दिवे, गॅसचा अलार्म. आमची शिसे-आम्लाची बॅटरी नावाला 80 ची. ती निम्म्याखाली उतरवू नये, आणि थंडीत तिची ताकद आणखी घटते. म्हणजे हिशेब आदल्या संध्याकाळीच चुकलेला होता, आम्ही फक्त मांडला नव्हता.

आजोबा म्हणाले, ही बॅटरी अशी उतरवून थंडीत ठेवलीस तर फुटेल. पुरती भरलेली बॅटरी उणे पन्नासालाही गोठत नाही. पण उतरली की आतलं आम्ल पातळ होत जातं, जवळजवळ पाणीच उरतं, आणि ते उणे दहाच्या आसपास गोठू शकतं. यादीत मी आणखी एक ओळ लिहिली.

शेवटी 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी घेतली. हा या सगळ्या तयारीतला एकमेव मोठा खर्च आणि माझ्या मते एकमेव न टाळता येणारा. ती जवळपास पूर्ण वापरता येते, वजनाला निम्मी. पण तिचीही एक खोड आहे. शून्याखाली असताना ती वीज देते, घेत नाही. जबरदस्तीने चार्ज केली तर आत लिथियमचा धातू साचून कायमची बाद होते. म्हणून तिला बाहेर, ट्रेलर ओढायच्या दांड्यावर न ठेवता आत, बाकाखाली ठेवली, मुलीच्या पांघरुणांशेजारी. जुनी बॅटरी अशी आत ठेवता आली नसती. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. चार्जरही लिथियमला चालणारा घ्यावा लागला, हे दुकानात कोणी सांगितलं नाही, नवऱ्याने पुस्तिका वाचली म्हणून कळलं.

डिसेंबरमध्ये दुसरी चाचणी. या वेळी भट्टी सकाळपर्यंत चालली, आम्ही अठरा अंशांत झोपलो, आणि मी मनातल्या मनात जिंकले. मग चादरी घडी करायला गादी उचलली. खाली पाणी. ओल नाही, पाणी. प्लायवूडवर हाताने पुसून घेता येईल एवढं. गादीची खालची बाजू ओलीचिंब.

आणि मग सगळीकडे दिसायला लागलं. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटींवर बर्फाची किनार. भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवलेले स्वेटर दमट. सगळ्यात मजेशीर म्हणजे छताचे स्क्रू. छताची पट्टी ज्या स्क्रूंनी बसवली आहे त्या प्रत्येकाच्या डोक्यावर एक-एक पांढरा बर्फाचा मणी, ओळीने, टिकल्या लावल्यासारखा. स्क्रू बाहेरच्या सांगाड्यात घुसलेला, धातूतून थंडी थेट आत येते, आणि आपला श्वास त्यावर जाऊन बसतो. मुलीने नखाने एक काढून बघितला. "आई, हा आपला श्वास आहे?" तिचाच होता. तीन माणसं रात्रभरात अर्धा लिटरहून जास्त पाणी नुसती श्वासाने आणि घामाने हवेत सोडतात. घरात ते कुठे जातं कळत नाही. सोळा फुटांत कळतं.

म्हणजे पाइपांतलं पाणी आम्ही काढलं होतं, आणि नाकातोंडातून पुन्हा भरत होतो.

यावरचा उपाय ऐकून चिपळूणकर हबकले. छताची झडप रात्रभर बोटभर उघडी ठेवायची, आणि दाराजवळची एक खिडकी तेवढीच. "बाहेर उणे दहा आहे आणि आपण खिडकी उघडतोय?" हो. बाहेरची हवा थंड म्हणून कोरडी असते. ती आत येते, गरम होते, ओल पिते आणि वरून निघून जाते. गॅस थोडा जास्त लागतो, गादी कोरडी राहते. हे मी समजावून सांगितलं, त्याने मान डोलावली, आणि मध्यरात्री उठून झडप लावून घेतली. मी उठून उघडली. हा कार्यक्रम तिसऱ्या चाचणीतही झाला. शेवटी मी झडपेच्या दांड्याला सुतळी बांधून गाठ मारली आणि सांगितलं, गाठ सुटलेली दिसली तर सकाळचा चहा नाही.

गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी ठोकली, हवा खेळायला. गादी आणि भिंत यांच्यात तीन बोटांचं अंतर. बाहेरच्या भिंतीची कपाटं रात्री उघडी, म्हणजे गरम हवा आत शिरते. कॅल्शियम क्लोराइडच्या ओल शोषणाऱ्या डब्या लोक ठेवतात, आम्हीही ठेवल्या. सकाळी तळाला चमचाभर पाणी दिसतं आणि समाधान होतं, बाकी फार नाही.

याच कारणाने मी बिनधुराड्याचा गॅस हिटर घेतला नाही. स्वस्त असतो, बॅटरी लागत नाही, आणि बरेच जण वापरतात. पण त्याचा धूर आतच राहतो. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे एक किलो सहाशे ग्रॅम पाणी तयार होतं, रसायनशास्त्र आहे, त्याला पर्याय नाही. म्हणजे रात्रभरात बादलीचा तळ भरेल एवढं पाणी आपणच हवेत ओतायचं. वर कार्बन मोनॉक्साइडची भीती. आमच्या ट्रेलरमधला मोनॉक्साइडचा अलार्म मी भिंतीवरून काढून पाठीमागची तारीख बघितली तेव्हा तो दोन वर्षांपूर्वीच बाद झालेला होता. हिरवा दिवा मात्र ऐटीत लागत होता. जुना ट्रेलर घेणाऱ्यांनी बाकी काही केलं नाही तरी ही तारीख बघावी.

गॅस इथे जवळजवळ शुद्ध प्रोपेन मिळतो, ते एक बरं. आपल्या घरच्या सिलिंडरात ब्यूटेनही असतं, आणि ब्यूटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं. प्रोपेन उणे 42 पर्यंत निघत राहतो. टाक्या लहान असतात, नऊ किलोच्या. आपला घरगुती 14.2 चा. आमची भट्टी दिवसरात्र निम्मा वेळ चालली तर एक टाकी सव्वादोन दिवस. आम्ही दोन नेल्या. टाकी नेहमी रात्रीच संपते, हा अनुभव निफाडमध्येही होता.

खिडक्यांचं काम अर्ध्या दिवसात झालं. दोन्ही बाजूंनी चकाकणारी बुडबुड्यांची शीट मिळते, ती कात्रीने खिडकीच्या मापाची कापायची आणि दाबून बसवायची. छताच्या झडपेसाठी उशी शिवली, एका कोपऱ्यात सुतळीपुरती जागा ठेवून. जमिनीवर लहान मुलांच्या खेळाच्या फोमच्या चटया, वर आईने पाठवलेली सतरंजी. ट्रेलरखाली वारा शिरू नये म्हणून चारी बाजूंनी लावायचा एक व्हिनाइलचा झालर-पडदा मागवला होता. एकदा लावून बघितला. तीन माणसं, दोन तास, आणि बोटं बधीर. दोन रात्रींसाठी हा खटाटोप मूर्खपणाचा. परत केला.

फेब्रुवारीत एका गुरुवारी निघालो. निघताना आणखी एकदा चाकांतली हवा बघितली, कारण थंडीत दाब आपोआप उतरतो, आणि ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन केलं. 1490 किलो. आय-15 महामार्गाने दक्षिणेला, मग 20 नंबरच्या घाटातून 89 वर, पँग्विच गाव, तिथून 12 नंबरचा रस्ता. रेड कॅन्यनमध्ये रस्ता खडक कोरून केलेल्या दोन लहान कमानींखालून जातो. लाल खडक, वर ताजं बर्फ. एरवी फोटो काढले असते. मी त्या वेळी आरशात ट्रेलर शेपटी हलवतो की काय एवढंच बघत होते. चारशे तीस किलोमीटरना आम्हाला सहा तास लागले.

कॅम्पग्राउंडमध्ये आम्ही धरून चार बिऱ्हाडं. उंच पाँडेरोसा पाइन, त्यांच्यातून उडणारे डोमकावळे, आणि रस्त्याच्या कडेला कमरेएवढं साचलेलं बर्फ. भट्टीच्या धुराच्या जाळीसमोरचं बर्फ फावड्याने ओढून काढलं, धूर अडून आत फिरू नये म्हणून. टेकूच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे, पाय जमिनीला गोठून चिकटू नयेत म्हणून. गाडीचा हँडब्रेकही लावायचा नाही, चाकाला पाचर. ही सगळी आजोबांची शिकवण.

रात्री आमटी गरम केली, घरून केलेली. भात मात्र तिथेच लावायचा होता, आणि या उंचीवर पाणी 92 अंशांनाच उकळतं, कुकरला इलाज नाही. तीन शिट्ट्या झाल्या आणि सगळ्या खिडक्या एका दमात आंधळ्या. दुसऱ्या दिवशी कुकर बाहेरच्या शेगडीवर गेला. दूध आणि अंडी बर्फपेटीत ठेवली होती. गार राहावीत म्हणून नव्हे, गोठू नयेत म्हणून. हे आईला फोनवर सांगितलं तर तिला चेष्टा वाटली.

पहाटे बाहेरचा थर्मामीटर उणे 17 दाखवत होता. आत पंधरा. भट्टी चालू. गादीखाली हात घातला, कोरडी. स्क्रूंवर मणी होते, पण मोहरीएवढे. सुतळीची गाठ जागेवर. बॅटरी 64 टक्के. मी पुन्हा पांघरुणात शिरले, आणि कबूल करते, ब्राइस कॅन्यन बघण्यापेक्षा मला त्या 64 चाच आनंद जास्त झाला.

बघायला अर्थात गेलो. सूर्य वर यायच्या वेळी कड्यावर उभं राहिलं की खाली हजारो लाल-केशरी सुळके, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी टोपी. 1928 मध्ये याचं राष्ट्रीय उद्यान झालं. ते सुळके घडवले कोणी, तर पाण्यानेच. वर्षातले दीडशेहून जास्त दिवस इथे दिवसा बर्फ वितळतं, पाणी खडकाच्या फटीत शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि फट थोडी उघडतं. तेच नऊ टक्के. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "आपला शॉवरचा नळ इथे ठेवायला हवा होता." दुसऱ्या रात्री चांदणं असं की मुलीने तारे मोजायचा नाद सोडून दिला. 2019 पासून हे आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' आहे. आम्ही दहा मिनिटं बाहेर टिकलो.

घडी घातलेलं सोलर पॅनेल दिवसा उन्हात मांडलं होतं. पाइनची सावली त्याच्यामागे फिरायची आणि आम्ही सावलीच्या पुढे पॅनेल फिरवायचो. दिवसभरात बॅटरीला वीसेक टक्के मिळाले. नसते मिळाले तर शनिवारची सकाळ जरा काठावर गेली असती.

एक गोष्ट तरीही हुकलीच. सांडपाण्याची बादली दाराबाहेर ठेवली होती, सकाळी शौचालयात नेऊन ओतू म्हणून. ती सकाळपर्यंत अख्खी गोठली, त्यात एक चमचा उभा. आत आणून भट्टीच्या तोंडाशी ठेवली, दोन तासांनी चमचा सुटला. अण्णांना सांगितलं तर त्यांना शेकोटीजवळ बसून एवढं हसू आलं की आईने फोन काढून घेतला. निफाडला त्या दिवशी नऊ होते.

निघताना तीन टेकू सहज उचलले गेले. चौथ्याचा ठोकळा जमिनीला चिकटला होता. दुपारच्या उन्हात बर्फ वितळून त्याच्याखाली गेलं आणि रात्री गोठलं. नवऱ्याने किटलीतलं गरम पाणी ओतलं. मी नको म्हणेपर्यंत ओतलं. पाच मिनिटांत तेही गोठलं आणि ठोकळा आता काचेत बसवल्यासारखा दिसू लागला. मग हातोडी. एकदाचा तो सुटला, खाली ताटाएवढी बर्फाची लादी घेऊन. ती फोडण्याइतका धीर उरला नव्हता, म्हणून तसाच गाडीच्या मागे टाकला. मंगळवारी गॅरेजमध्ये बघितलं, तर लादीचा एक कोपरा अजून शाबूत होता आणि खाली, सिमेंटवर, पाणी.